बाबांच्या मागे तालुक्याच्या कोर्टात सक्सेशन काढायचंय, सुरुवात कुठून करावी?

घाटाखालची
12 जून, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे आणि जरा लांबेल.

बाबा दिवाळीनंतर गेले. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. थोरली ताई चार वर्षांपूर्वीच गेली. तिची दोन मुलं, भाची नववीत, भाचा पाचवीत, दाजींकडे असतात. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, 86 वर्षांची, आमच्याच घरी आहे.

बाबांच्या नावावर दोन एकर चौदा गुंठे जमीन आहे, त्यांनी स्वतः दुधाच्या पैशातून खरेदी केलेली. गावठाणातलं घर आहे. आणि तालुक्याला सहकारी बँकेत मुदत ठेवी, सगळ्या मिळून 6 लाख 40 हजार. नॉमिनी एकाही पावतीवर नाही.

बाबांच्या डेअरीच्या वहीत शेवटच्या पानावर एक मजकूर सापडला. वरच्या अर्ध्या पानावर त्या आठवड्याचं दूध, लिटर आणि फॅट. त्याखाली रेघ मारून लिहिलंय, "माझे पश्चात घर हिचे नावे करावे. जमीन पोरांनी समजुतीने वाटून घ्यावी." खाली बाबांची सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून डेअरीच्या सेक्रेटरींची सही. अक्षर त्यांचंच आहे, यात घरात कुणालाच शंका नाही.

आता पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, मृत्युपत्र आहे म्हणजे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, घ्यावाच लागेल. बँकेत म्हणतात, कोर्टाचं सक्सेशन आणा, म्हणजे ठेवींचे पैसे काढायचा अधिकार देणारं प्रमाणपत्र. काका म्हणतात, मुलींकडून हक्कसोड घ्या, आजीचं नाव कशाला गुंतवता, काम लवकर होईल. मी चिंचवडला नोकरी करते, दर तारखेला रजा मिळणार नाही. आई रोज विचारते, काय झालं गं. मला तिला एक तरी सरळ उत्तर द्यायचंय.

निवृत्त नाझर
13 जून, सकाळी 6:15

ताई, बाबांना आदरांजली. माझी नोकरी तालुका कोर्टांतच गेली, तेव्हा सावकाश लिहितो.

आधी वहीचं पान. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. डेअरीच्या वहीचं पानसुद्धा चाललं असतं. पण भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925, कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. तुमच्याकडे एकच आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते मृत्युपत्र ठरत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण इच्छा अगदी स्पष्ट आहे. पान जपून ठेवा, कोर्टात मात्र त्याचा आधार धरू नका.

प्रोबेटचा प्रश्न त्यामुळे उरतच नाही. तरी बाकीच्यांसाठी सांगतो. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती आपल्या राज्यात होती ती जुन्या मुंबई शहराच्या हद्दीपुरती, म्हणजे मृत्युपत्र त्या हद्दीत केलं असेल किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल तर. तालुक्यातल्या शेतीला आणि घराला ती कधीच नव्हती. शहरातली माणसं आपला अनुभव गावाला लावतात आणि घरातल्यांची झोप उडते.

म्हणजे तुमचे बाबा मृत्युपत्र न करता गेले असंच धरायचं. मग हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 लागतो. स्वकष्टार्जित मालमत्ता आहे म्हणून हिशोब सोपा आहे. आई एक, आजी एक, तुम्ही एक, भाऊ एक, आणि ताईच्या दोन्ही मुलांचा मिळून एक. पाच समान हिस्से. मयत मुलीची मुलं तिच्या जागी येतात, जावई येत नाही. आणि मयताची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे. लोक हीच दोन नावं विसरतात, आजी आणि गेलेल्या बहिणीची मुलं.

आता तुमची कामं तीन ठिकाणची आहेत. ती एकमेकांत मिसळू नका.

जमिनीसाठी कोर्टात जायची गरज नाही. तलाठ्यांकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज करा. ई-हक्क वरूनही करता येतो. गाव नमुना 6क म्हणजे वारस नोंदवही, त्यात चौकशी होऊन नावं चढतात. मग नमुना 6 ला फेरफार, नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तीन महिन्यांत कळवायला हवं होतं, पण उशीर झाला म्हणून वारसांचा हक्क जात नाही. आजच अर्ज द्या.

घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) बघा.

बँकेच्या पैशासाठी मात्र कोर्ट. 1925 च्याच कायद्याच्या कलम 372 खाली सक्सेशनचं, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र काढायचं. हे प्रमाणपत्र फक्त येणं असलेल्या रकमा आणि रोख्यांसाठी असतं, जमिनीला त्याचा उपयोग नाही.

मावळतीचा मळा
13 जून, सकाळी 8:02

नाझरकाका, एक शंका. गावाकडे सगळेच "कोर्टाचा वारस दाखला" म्हणतात. तो हाच का?

निवृत्त नाझर
13 जून, सकाळी 8:30

नाही. वारस दाखला हा 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली मिळतो. जवळजवळ दोनशे वर्षांचा कायदा, पण आजही रोज वापरात आहे. त्यात कोर्ट जाहीरनामा काढून एक महिन्याच्या आत हरकती मागवतं आणि कोण वारस ते मान्य करतं. सक्सेशनमध्ये विशिष्ट रकमा वसूल करण्याचा अधिकार मिळतो. बँकेला नक्की काय हवं ते लेखी मागा. तोंडी सांगण्यावर अर्ज लिहू नका. सहा महिन्यांनी "हे नको, ते हवं" असं ऐकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि दोन्ही कागद म्हणजे मालकीचा अंतिम निकाल नव्हे. उद्या कुणी दावा लावला तर तो स्वतंत्र चालतो.

आत्याबाई
13 जून, दुपारी 1:20

घाटाखालची, हक्कसोडावर सही करायच्या आधी शंभरदा विचार कर गं. मी 1998 ला केली होती. भाऊ चांगला होता म्हणून केली. भाऊ गेला, आणि आता माझ्याच माहेरच्या विहिरीवर उभी राहिले तर भाचे विचारतात, आत्या काय काम काढलं. तुला द्यायचंच असेल तर दे, पण काम लवकर व्हावं म्हणून देऊ नकोस. वारस नोंद व्हायला हक्कसोड लागत नाही. आधी सगळ्यांची नावं लागू देत, सोडायचं ते नंतर सोड.

भीमाकाठ
13 जून, रात्री 9:48

आमची चूक सांगतो, कुणाची तरी फेरी वाचेल. चुलत्यांच्या ठेवींसाठी आम्ही सक्सेशन काढलं. अर्जात पाच पावत्या लिहिल्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर सहावी पावती निघाली, देवघरातल्या पोथीत घडी करून ठेवलेली. बँकेने पाचाचे पैसे दिले, सहाव्याचे नाही, आणि ते बरोबरच होतं. कारण प्रमाणपत्रात ज्या रकमा लिहिल्या तेवढ्यांनाच ते लागू. मग कलम 376 खाली मुदतवाढीचा नव्हे, रकमा वाढवून घेण्याचा अर्ज केला. पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

म्हणून अर्जाआधी बँकेकडून मयताच्या नावावरच्या सगळ्या खात्यांची यादी लेखी घ्या. बचत खातं, शेअरची रक्कम, डेअरीकडे थकलेलं बिल, सोसायटीतला भाग. एकेक आकडा.

काळा कोट
14 जून, सकाळी 11:05

तालुक्यात वकिली करते. वर नाझरसाहेबांनी लिहिलं ते नेमकं आहे. थोडी भर घालते.

नावं आधी जुळवा. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, मृत्यू दाखल्यावर तिसरं, असं दर दुसऱ्या घरात असतं. दत्तू आणि दत्तात्रय ही कोर्टाला दोन माणसं वाटू शकतात. लग्न झालेल्या मुलीचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही अर्जात लिहायचं. मृत्यू दाखल्यातली चूक ग्रामपंचायतीत दुरुस्त होते, ती अर्जाआधी करून घ्या. ज्यांच्या घरी जुन्या माणसाच्या मृत्यूची नोंदच नाही त्यांनी लक्षात घ्या, वर्ष उलटून गेलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर ते काम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलंय.

अर्ज बाबा राहत होते त्या भागाच्या कोर्टात. आमच्याकडे वरिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे चालतो, तुमच्या तालुक्यात कुणाकडे अधिकार आहेत ते चौकशी खिडकीवर कळेल. आई अर्जदार होऊ दे, बाकीचे सामनेवाले. सामनेवाला या शब्दाला घाबरू नका, भांडण आहे असा त्याचा अर्थ नाही. ज्यांना नोटीस द्यायची ते सामनेवाले, एवढंच. त्यांनी येऊन ना हरकत दिली की काम पुढे सरकतं. भाचरं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहेत, त्यांच्या वतीने दाजी.

कोर्ट फी रकमेवर असते, सुरुवातीलाच तयारी ठेवा. नोटीस वर्तमानपत्रात छापून आली की तो पूर्ण अंक ठेवा, नुसतं कात्रण नको.

आणि बँकेबद्दल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये मयत ग्राहकांच्या ठेवींबद्दल नवे निर्देश काढले. ठराविक रकमेपर्यंत कोर्टाच्या कागदाशिवाय, बंधपत्र आणि वारसांच्या ना हरकतीवर पैसे द्यायचे. ती मर्यादा इतर बँकांना 15 लाख, सहकारी बँकांना 5 लाख. ताईंची रक्कम 6 लाख 40 हजार आहे म्हणून त्या बाहेर पडतात. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची रक्कम आत बसते त्यांनी कोर्टाची पायरी चढण्याआधी हे बँकेत दाखवा.

घाटाखालची
14 जून, रात्री 11:30

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आज पहिल्यांदा नीट समजावून सांगता आलं.

एक अडतंय. काकांचं म्हणणं असं की आजीचा पाचवा हिस्सा आजीच्या मागे काकांना आणि आत्यांनाही जाईल, मग तुम्हीच म्हणाल आमचं गेलं. म्हणून अर्जात आजीला धरूच नका. ते आमच्या भल्यासाठीच बोलताहेत. भावालाही ते पटतंय. मला कळत नाहीये.

काळा कोट
15 जून, सकाळी 9:12

काकांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. आजीला मुलाकडून आलेला हिस्सा तिच्या मागे तिच्या सगळ्या मुलांत जाईल, आणि तुमच्या बाबांच्या जागी तुम्हीही असाल. पण त्यावरचा उपाय चुकीचा आहे.

अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र असतं. जिवंत वारस माहीत असून लपवणं म्हणजे कोर्टापुढे खोटं बोलणं. कलम 383 खाली प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. आजी तिचा हिस्सा सुनेला किंवा नातवंडांना देऊ शकते, मृत्युपत्राने किंवा नोंदणीकृत हक्कसोडाने. पण ते तिने ठरवायचं. तिला कुणी विचारलंय का?

घाटाखालची
15 जून, सकाळी 9:40

नाही. कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

नेब्रास्कातून
16 जून, पहाटे 4:25

वाचून राहवलं नाही. माझे सासरे इथे एका छोट्या काउंटीत गेले. नेब्रास्कात प्रोबेट काउंटी कोर्टाकडेच असतं. तिथेही कोर्टाची नोटीस गावच्या वर्तमानपत्रात लागोपाठ तीन आठवडे छापावी लागली आणि ज्यांचं सासऱ्यांकडे येणं होतं त्यांना मागणी नोंदवायला पहिल्या प्रसिद्धीपासून दोन महिने होते. खिडकीवरच्या बाईंनी पहिलं वाक्य हेच सांगितलं, की सगळ्या वारसांचे पत्ते आणा, एकही सोडू नका.

परदेशी असलेल्या वारसांसाठी एक गोष्ट. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. आमच्या नणंदेचे हे तीन महिने हुकले होते.

सावली
16 जून, दुपारी 3:10

फीची अडचण असलेल्या बायांसाठी लिहिते. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीची खोली असते. मला तिथूनच वकील मिळाल्या. माझ्या नवऱ्याच्या मागे मी आठ महिने उगीच घाबरून घरी बसले होते.

घाटाखालची
27 नोव्हेंबर, रात्री 9:55

धागा वर काढतेय. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना पुढचं कळायलाच हवं.

त्या दिवशी सकाळी मी आजीला फोन केला. म्हटलं, आजी, बाबांच्या सगळ्यात तुझा पाचवा वाटा आहे, तुला काय करायचंय? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लेकाचा वाटा आईला असतो व्हय?" मला वाटलं तिला नकोय. तसं नव्हतं. तिला तो हवा होता. नवऱ्याच्या मागे तिचं नाव कुठल्याच कागदावर लागलं नव्हतं, सगळं मुलांच्या नावावर गेलं होतं. तिने सांगितलं, माझं नाव लागू दे, मग मी बघते.

अर्ज जुलैत दाखल झाला. भीमाकाठ दादांमुळे बँकेकडून यादी घेतली आणि त्यात आम्हाला माहीतच नसलेली 22 हजारांची एक ठेव निघाली. दर तारखेला मी गेले नाही. ई-कोर्टच्या ॲपवर आमच्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (अक्षरं आणि आकडे मिळून 16) टाकला की पुढची तारीख आणि काय झालं ते दिसायचं. बेलिफ नोटीस घेऊन आले तेव्हा आई एकटीच होती. कोर्टाचा शिक्का बघून तिचे हात कापत होते, पण त्यांनीच ओसरीवर बसून तिला वाचून दाखवलं.

ऑक्टोबरात आजीला न्यावं लागलं. ना हरकत वकिलांनी लिहून घेतली होती, पण आजी म्हणाली मी येणार. सकाळच्या एसटीने गेलो. साडेअकराला पुकारा झाला. कोर्टाचा हॉल वरच्या मजल्यावर, जिना चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली, तोवर शिपायाने आत जाऊन सांगितलं होतं आणि सगळे थांबले होते. न्यायाधीशबाईंनी आजीला खुर्ची द्यायला लावली. विचारलं, कागदात काय लिहिलंय माहीत आहे का? आजी म्हणाली, पैसे सुनेने काढायचे आणि ज्याचा त्याला वाटा द्यायचा, माझा वाटा मला. मग ओच्यातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि सही केली. आजी सही करते हे मला माहीत नव्हतं. एकेक अक्षर वेगळं, प्रत्येकाच्या मध्ये बोटभर जागा.

प्रमाणपत्र दिवाळीच्या सुट्टीआधी झालं. आईला रक्कम काढायचा अधिकार, आणि भाचरांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत त्यांच्या नावे ठेवीत ठेवायचा आदेश. नकला जास्त घ्या. मी दोनच घेतल्या, बँकेने एक ठेवून घेतली.

सातबाऱ्यावर पाचही हिस्से लागले. भाचरांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून दाजींचं नाव आहे. काका आधी रुसले होते, फेरफार प्रमाणित झाला त्या दिवशी येऊन चहा घेऊन गेले.

राहिलं घर. बाबांनी लिहिलं होतं तसं ते आईच्या नावे करायचं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. आजीसुद्धा हो म्हणाली. वकिलीणबाईंनी समजावलं की आम्ही मोठी माणसं हक्कसोड देऊ शकतो, पण अज्ञान मुलांचा वाटा दाजींना कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, आणि मुलांचा फायदा नसताना कोर्ट अशी परवानगी देत नाही. नियम मुलांच्या भल्याचाच आहे, मला तो पटतो. पण भाचा पाचवीत आहे. म्हणजे घर पूर्ण आईच्या नावावर व्हायला त्याची अठरा वर्षं भरायला हवीत, आणि तेव्हाही तो म्हणेल तसं. डेअरीत त्या दिवशी दुसरं माणूस हजर असतं तर हे झालं नसतं. सेक्रेटरीकाकांना मी हे सांगितलं नाही, सांगणारही नाही.

निवृत्त नाझर
28 नोव्हेंबर, सकाळी 6:05

ताई, आजींना माझा नमस्कार सांगा.

त्यांचा वाटा त्यांच्या मनाप्रमाणे जावा असं वाटत असेल तर आता वेळ दवडू नका. दोन साक्षीदार घ्या, आजींपेक्षा वयाने बरेच लहान आणि गावात राहणारे. पुढे कधी वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा जोडा.

घाटाखालची
1 डिसेंबर, रात्री 10:20

काल झालं, काका. आजीचं आणि आईचं, दोघींचंही. साक्षीला शेजारचा दूध घालणारा मुलगा आणि अंगणवाडीच्या ताई. दोघींनी सह्या करताना ते दोघं समोरच बसले होते. आजीने काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

(बाबांच्या वहीचं पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून आईने कपाटात ठेवलंय, बँकेच्या पावत्यांच्या वर.)